रात्रभर हिरवा दिवा

माझी थोरली बहीण शाळेची बस चालवते. हे कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे बसमधल्या मुलांना सांभाळते का?" सांभाळत नाही हो, चालवते. स्टिअरिंग तिच्या हातात असतं. मुलांना सांभाळायला मागे एक मदतनीस बाई असते, आणि त्या बाईलाही आमची ताईच सांभाळते.

ताई अंगानं लहानखुरी. सीट पुढे ओढून, पाठीशी कडक उशी लावून ती बसली की बाहेरून नुसता तिचा अंबाडा दिसतो आणि बस आपली आपणच चालल्यासारखी वाटते. पण आत हुकूम तिचा. दप्तर मांडीवर आल्याशिवाय गाडी हलत नाही. खिडकीबाहेर कोपर दिसलं तर ती आरशातून नुसती बघते, की कोपर आत. लहान मुलं तिला मावशी म्हणतात, मागच्या बाकावरची नुकती मिसरूड फुटलेली टोळी कप्तान म्हणते, आणि तिला दोन्ही चालतं. चालत नाही ते एकच. समोरच्या पट्टीवर लागलेला लाल दिवा. एकदा दरवाजाचा दिवा विझेना. दार तर घट्ट लागलेलं दिसत होतं. दुसरा कुणी म्हणाला असता, वायर सैल असेल, चला. ताईनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरून दाराच्या फटीत बोटं घातली, तिथे अडकलेलं बाटलीचं झाकण उपसून काढलं आणि दिवा विझल्यावरच निघाली. शाळेला उशीर झाला म्हणून तिला बोलणी बसली. "दिवा लाल आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली, "ते तसंच ठेवून पुढे कसं जायचं?" वीसेक वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा नाही.

तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, सुतार. घराच्या पुढे पत्र्याची शेड आहे, तिथे दारं, कपाटं, खुर्च्या करतात. माणूस म्हणजे गरीब गाय. बोटं मात्र अशी जाड की चहाच्या कपाच्या कानात शिरत नाहीत, आणि इतक्या वर्षांच्या पॉलिशनं नखांसकट काळी-तपकिरी होऊन गेलेली. कितीही घासा, रंग जात नाही. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. अलीकडे मी आणि माझं झेरॉक्सचं दुकान, पलीकडे ते दोघं. दिवसा भिंतीपलीकडून करवत ऐकू येते, आणि रात्रीही करवतच. फरक इतकाच की दिवसाच्या करवतीला जेवणाची सुट्टी असते. भावोजींचं घोरणं एका लयीत चालतं, ना थकवा ना विसावा. उशीवर डोकं टेकलं की सुरू, उजाडलं की बंद. मी त्यांची मेहुणी, त्यामुळे टोमणे मारायचा हक्क माझा, आणि तो मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. "भावोजी, काल कुठलं झाड पाडलंत?" असं मी रोज सकाळी विचारते आणि ते रोज लाजतात.

आणि ताई? ताई कुठेही झोपते. घरातल्या समारंभांचे जुने फोटो काढून बघा, सगळे हसतायत आणि एका कोपऱ्यात ताईचे डोळे मिटलेले. सिनेमाला नेली तर नावं संपायच्या आत गाढ. संध्याकाळी कामावरून आली, खुर्चीत टेकली, की तिच्याशी बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. माझी भाची नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते, तीही म्हणून रविवारी सकाळीच फोन करते. आम्ही म्हणायचो, पहाटे उठते, दिवसभर मुलांच्या कलकलाटात गाडी हाकते, दमते बिचारी. सकाळी तिचं डोकं जड असायचं, तेही आम्ही त्याच खात्यात टाकलं. आणि रात्री शेजारी करवत चालू असताना कुणाला झोप लागणार? म्हणजे दोष ठरलेला होता, आणि दोषीही ठरलेला होता.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते गेल्या वर्षी परीक्षा संपता संपता थांबलं. दुपारी बस मुलांना घेऊन परतत होती. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता, म्हणून ताई थांबली. सिग्नल हिरवा झाला, आणि बस जागची हलेना. मागून हॉर्न सुरू झाले. मुलांना वाटलं मावशी गंमत करतेय. पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीनं उठून तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "मावशी, हिरवा झाला." ताईनं डोळे उघडले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, आणि मधले काही क्षण कुठे गेले ते तिला ठाऊक नव्हतं.

झालं काहीच नव्हतं. कुणाला कळलंही नव्हतं. पण तिनं उरलेल्या मुलांना एकेक करून घरी सोडलं, मदतनीस बाईला मुद्दाम शेजारी बसवून वाटभर तिच्याशी बोलत राहिली, बस शाळेत लावली आणि किल्ली नेऊन वाहतूक बघणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. "मला झोप लागली होती," म्हणाली. साहेब चांगले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कोण सांगणार होतं?" ताई म्हणाली, "म्हणूनच सांगितलं." साहेबांनी तिला सुट्टीपुरतं ऑफिसात बसवलं आणि सांगितलं, की नवं सत्र सुरू व्हायच्या आत डॉक्टरांचा कागद आणा, बस तुमची. नाही आणलात तर मला दुसरा माणूस कायमचा घ्यावा लागेल.

घरी येऊन ताई रडली. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलंय. "मला दुसरं काही येत नाही गं," ती म्हणत होती, "आणि दुसरं काही आवडतही नाही."

भावोजी दारात उभे होते. त्या रात्री ते पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. उपयोग शून्य, कारण ते घरच एवढंसं, आवाज माझ्याकडे येतो तर आतल्या खोलीत का जाणार नाही? मग ते शेडमध्ये लाकडाच्या फळ्यांवर झोपले, तर समोरच्या घरातून तक्रार आली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आपल्या घोरण्यापायी बायकोची बस गेली, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनानं तेच घेतलं होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ताईचं रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. "झोप पुरेशी होते का?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "झोप लागते हो, पण हे घोरतात." झालं, सगळ्यांच्या माना भावोजींकडे वळल्या. डॉक्टर म्हणाले, घोरणाऱ्यांचा श्वास कधी कधी झोपेत थांबतो, तो आजार असतो, त्यावर उपाय असतो. यांना आधी तपासून घ्या. यांचं घोरणं थांबेल, तुमची झोप होईल, दोघांचं काम होईल. एका दगडात दोन पक्षी ऐकून भावोजींना पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मोठ्या दवाखान्यात झोपेच्या तपासणीची वेगळी खोली आहे. तिथली तंत्रज्ञ मुलगी चटपटीत. तिनं घरी न्यायचं यंत्र दाखवलं. छातीभोवती एक पट्टा, त्यावर एक छोटा डबा, नाकाखाली एक बारीक नळी, आणि बोटाला लावायची एक चिमटी, बिनवायरची. नळीतून श्वास कळतो, पट्ट्यातून छातीची हालचाल, आणि चिमटीच्या लाल उजेडातून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी. श्वास थांबला की थोड्या वेळानं ऑक्सिजन उतरतो, मग माणूस अर्धवट जागा होतो, श्वास घेतो, ऑक्सिजन पुन्हा चढतो. हे रात्रीत किती वेळा होतं ते मोजायचं. पट्टा तिनं भावोजींना बांधून दाखवला, चिमटी स्वतःच्या बोटाला लावून दाखवली. "आणि हे लक्षात ठेवा," ती म्हणाली, "डब्यावरचा दिवा हिरवा म्हणजे सगळं नीट चाललंय. लाल झाला तर चिमटी सरकलीय. रात्रभर हिरवा राहिला पाहिजे, नाहीतर पुन्हा सगळं करावं लागेल."

ताईनं मान डोलावली. ही भाषा तिच्या चांगल्या ओळखीची होती.

सकाळी भावोजी भिंतीवर टकटक करून मला म्हणाले, "रात्रभर हिरवा!" पहिल्या वर्गात पास झाल्यासारखा आवाज. यंत्र परत दिलं, आणि निकालाच्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावून त्यांच्याबरोबर गेले. सोबत म्हणून गेले असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेल्या माणसाला शिक्षा होताना मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरबाई वयानं मोठ्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पडदा आमच्याकडे फिरवला. पडद्यावर तीन रेघा. वरची नाकातला श्वास, मधली छाती, खालची ऑक्सिजन. वरच्या दोन्ही रेघा अशा एकसारख्या वरखाली जात होत्या की कुणी पट्टी लावून आखल्यासारख्या.

"घोरता तुम्ही भरपूर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुम्हाला ते यात दिसतं?" भावोजींनी कानकोंडं होऊन विचारलं.

"दिसतं. पण श्वास कुठेही थांबत नाही. उत्तम चाललाय."

मी थोडी हिरमुसले. ताईचाही चेहरा उतरला, कारण यांना आजार नाही तर उपायही नाही. पण डॉक्टरबाई थांबल्या नव्हत्या. त्यांनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. ती रेघ सरळ नव्हती. उतरायची, एकदम चढायची, पुन्हा उतरायची, करवतीच्या दातांसारखी, रात्रभर.

"हे मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजन असा उतरतो तो श्वास थांबल्यावर. इथे श्वास थांबतच नाही आणि ऑक्सिजन उतरतोय."

भावोजी पांढरेफटक पडले. "म्हणजे काही मोठं आहे का? हृदयाचं वगैरे?"

तंत्रज्ञ मुलगी मागे उभी राहून बघत होती. ती वाकली आणि म्हणाली, "मॅडम, इथे बघा ना. हे इथे उठलेत. पट्ट्यात चालणं दिसतंय. आणि नाडीचा आकडा हललाच नाही."

"रात्री उठला होतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकदा. बाथरूमला. झोपेतच गेलो."

"तुम्ही चालत बाथरूमपर्यंत गेलात आणि तुमची नाडी मात्र अंथरुणातच झोपून होती?"

डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून एक चिमटी काढली आणि म्हणाल्या, "हात द्या बघू." भावोजींनी पंजा पुढे केला. चिमटी त्या बोटावर बसेना. कशीबशी बसवली तर आकडाच येईना, नुसत्या दोन आडव्या रेघा. दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं. त्या पॉलिशच्या थरातून उजेड आत जाईल तर शपथ.

"या बोटांवर चिमटी चालतच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग दिवा रात्रभर हिरवा कसा राहिला?"

मी ताईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"माझ्या बोटात होती," ताई म्हणाली.

"काय?"

"चिमटी. यांच्या बोटाला लावली की दिवा लाल व्हायचा. काढा, लावा, पुन्हा लाल. हे तर झोपून गेले. मला लाल दिवा डोळ्यांसमोर असला की झोप लागत नाही हो, सवयच नाही तशी. म्हटलं माझ्या बोटाला लावून बघू. लगेच हिरवा झाला. मग तशीच झोपले." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "ह्या म्हणाल्या होत्या की दिवा हिरवा राहिला पाहिजे."

मला हसू आवरेना. मी तोंडावर रुमाल धरला, तंत्रज्ञ मुलगी खिडकीकडे वळली आणि तिचे खांदे हलायला लागले. भावोजीसुद्धा, आपल्याला हृदयाचं काही नाही हे कळून, ओशाळं हसले. हसल्या नाहीत त्या एकट्या डॉक्टरबाई. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"सकाळपर्यंत तुमच्याच बोटात होती?"

"हो. हे उठायच्या आत काढून ठेवली."

त्यांनी खुर्ची भावोजींकडून ताईकडे वळवली. "मग ही खालची रेघ तुमची आहे."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आम्ही वर्षानुवर्षं रोज सकाळी देत होतो, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात मी.

डॉक्टरबाईंनी मग ताईला नीट विचारलं. सकाळी डोकं जड? हो. तोंड कोरडं? हो. बसल्या जागी झोप? ताईनं मान खाली घातली. त्यांनी तिचा जबडा बाजूनं पाहिला, घसा पाहिला. "लोकांना वाटतं हा आजार लठ्ठ माणसांना होतो, मोठ्यानं घोरणाऱ्यांना होतो. तुमची हनुवटी लहान आहे, घशातली वाट मुळातच अरुंद. झोपेत ती मिटते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. मग मेंदू तुम्हाला उठवतो. तुम्हाला आठवतही नाही."

"म्हणजे मी रात्रभर उठबस करते?"

"रात्रभर."

"मग दमणारच की," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. मी तिच्या भिंतीला कान लावून बसणारी बहीण, आणि मला तिचं काही ऐकू आलं नव्हतं. येणार कसं? भावोजींच्या आवाजात ते सगळं बुडून जायचं. आणि भावोजींना तर झोपेत नगारे वाजले तरी कळत नाही.

पण घरी आल्यावर ताईपुढे चहा ठेवला तर तसाच थंड झाला. शेवटी म्हणाली, "यांच्या नावावर निघाला असता तर बरं झालं असतं. माझ्या नावावर आजार लागला की बस गेली." आता तिची तपासणी करायची होती, पट्टा आणि चिमटी दोन्ही तिलाच लावून, आणि ती जायला तयार होईना. रात्रभर कुणाचं बोट आणि कुणाची छाती, असा गोंधळ म्हणून सोडून द्या, ती म्हणत होती, मी आता बरी आहे, रोज दुपारी झोपेन.

भावोजी म्हणाले, "तू म्हणत असशील तर मी सांगतो डॉक्टरबाईंना की चिमटी माझ्याच बोटात होती. आजार माझ्याच नावावर राहू दे. मला काय, लाकडं थोडीच विचारणार आहेत?"

माणूस किती साधा असावा याला काही मर्यादा! मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण ताईनंच त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"आणि मी कशाच्या भरवशावर स्टिअरिंगवर बसायचं?" ती म्हणाली. "मुलं भरून गाडीत बसायचं, आणि लाल दिवा फक्त मला एकटीला माहीत?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच जाऊन यंत्र घेऊन आली. त्या रात्री पट्टा तिच्या छातीला, नळी तिच्या नाकाला आणि चिमटी तिच्याच बोटाला होती. निकाल आला तेव्हा तिन्ही रेघा एकमेकींशी बोलत होत्या. वरची सपाट झाली की जरा वेळानं खालची उतरायची. तासाला वीसेक वेळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

ताईनं डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, "मला कागद मिळेल का?" डॉक्टरबाईंनीही सरळ सांगितलं. "आज नाही. आज दिला तर मी खोटी ठरेन. रात्री तोंडावर मास्क लावून झोपायचं, एक छोटं यंत्र हवा देत राहील, घशातली वाट उघडी राहील. रोज वापरलंत आणि झोप भरून निघाली, तर सत्राच्या आधी मी स्वतः लिहून देईन. वापरलं की नाही ते मला विचारावं लागणार नाही, यंत्रच सांगतं." ताईला हा सौदा पटला. खोटं न बोलणारं यंत्र तिला माणसांपेक्षा जवळचं वाटतं.

मास्कचे पहिले दिवस मात्र विचारू नका. पट्ट्यांचे वळ गालावर उठायचे. कडेनं हवा सुटली की फुर्र आवाज व्हायचा आणि भावोजी दचकून जागे व्हायचे. घोरणारा माणूस आवाजानं जागा होतो, हे बघून मला फार समाधान झालं. यंत्राची नळी उशीखाली दबायची, मग ताई वैतागून मास्क ओढून काढायची. दोन-तीनदा तर तिनं ते सगळं उचलून कपाटात टाकायची भाषा केली. तेव्हा भावोजींनी पलंगाच्या उशाशी लाकडाचा एक बाकदार हात बसवला. नळी त्यावरून वर जाते, वळते आणि अलगद खाली येते. कूस बदलली तरी तो हात तिच्याबरोबर फिरतो. कडा त्यांनी इतक्या घासल्या होत्या की हात फिरवत राहावंसं वाटे. असं काम त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलेलं मी बघितलं नाही. दवाखान्यातली तंत्रज्ञ मुलगी ते मुद्दाम बघायला आली आणि तसे आणखी करून द्याल का म्हणून विचारून गेली.

मधल्या काळात भावोजी निर्दोष सुटल्याच्या आनंदात होते. "माझा श्वास उत्तम आहे," ते भेटेल त्याला सांगत. "ऑक्सिजनही उत्तम." मी म्हटलं, "भावोजी, तुमचा ऑक्सिजन कुणी मोजलाय अजून?" ते विचारात पडले. मग पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी चिमटी त्यांच्या कानाच्या पाळीला लावली. उत्तम निघाला. तेव्हापासून ते कुशीवर झोपतात, घोरणं निम्म्यावर आलंय, आणि मला टोमण्यांसाठी दुसरा विषय शोधावा लागतोय.

ताईत बदल झाला तो इतका हळूहळू, की आम्हाला कळला नाही. आधी सकाळचं डोकं हलकं झालं. मग दुपारच्या जांभया गेल्या. एक दिवस मी तिला सिनेमाला नेलं आणि ती शेवटपर्यंत जागी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सिनेमा इतका रद्दड असतो होय?" सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी यंत्राची नोंद पाहिली, तिला दिवसभर दवाखान्यात एका अंधाऱ्या शांत खोलीत बसवून झोप लागते का तेही तपासलं. नाही लागली. कागद मिळाला. ताईनं तो वाहतूक साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि साहेबांनी किल्ली पुढे केली.

पहिल्या दिवशी मी दुकानातून बघितलं, तर बस कोपऱ्यावरून वळली आणि अंबाडा दिसला. मागच्या बाकावरून कुणीतरी "कप्तान!" म्हणून ओरडलं. माझ्या हातातल्या कागदांचा क्रम चुकला आणि गिऱ्हाईक माझ्यावर चिडलं. चिडू दे म्हटलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ताई माझ्या दुकानात आली आणि काउंटरला टेकून उभी राहिली.

"काय गं, काही काढायचंय?"

"नाही."

"मग?"

"काही नाही. झोप येत नाहीये." जरा थांबून म्हणाली, "एवढा वेळ लोक काय करतात गं?"

"चहा पितात. भांडतात. फिरायला जातात. फोन करतात."

तिनं पिशवीतून फोन काढला आणि मुलीला लावला. ती नेहमी स्पीकरवरच बोलते. पलीकडून भाचीचा आवाज आला तो घाबरलेला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. का गं?"

"नाही, म्हणजे या वेळी... तू जागी कशी?"

मी प्रिंटरमध्ये कागद भरायला लागले. भाची तिकडून "आई? आई?" करत होती.

"शाळेतून आल्यावर तू मला खुर्चीपाशी बसून काहीतरी सांगत असायचीस," ताई म्हणाली. "रोज."

भाची हसली. "हो, आणि सांगता सांगता तू झोपून जायचीस. मग उरलेलं मी बाबांना जाऊन सांगायचे. नाहीतर मावशीला."

"मला ते कधी कळलंच नाही, काय ते."

"जाऊ दे गं आई. दमायचीस तू."

"आज काय झालं ते सांग."

"आज? आज काही नाही झालं. ऑफिसला गेले, आले."

"तेच सांग. सगळं सांग. घरातून निघालीस तिथपासून."

मग भाचीनं सुरुवात केली, आधी अडखळत, उगाच हसत. सकाळी तिची चप्पल तुटली होती. ताईनं माझी खुर्ची ओढून घेतली, फोन मांडीवर ठेवला आणि पुढे वाकून बसली.

"मग?" ती म्हणाली.